पहाटे पावणेपाचला दार उघडणारं पाळणाघर

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, नवरा एस.टी.त चालक. राहायला सिडकोत, पवननगरच्या भाजीबाजारापासून चालत पाच मिनिटांवर. मोठी मुलगी तिसरीत आहे, धाकटा पावणेपाच वर्षांचा. घरची एवढी माहिती आधीच सांगते, कारण आई-बाप दोघंही निवडणुकीच्या कामाला जातात आणि त्याच दिवशी मुलांची शाळा बंद असते, अशा घरांसाठी मी हे लिहिते आहे. नाशकात अशी घरं थोडी नाहीत.

पाळणाघर म्हणजे सिडकोच्या जुन्या योजनेतलं बैठं घर, वर एक मजला चढवलेला. बाहेर पाटी नाही. खाली दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याला लोखंडी जाळी आणि जाळीला आतून कडी. काकू साठीच्या आहेत, सोबत त्यांची सून आणि कामाला एक मावशी. मुलं नऊ. दहावं मूल घेत नाहीत, कितीही ओळख सांगा. एरवीच्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी सात.

मी तिथे पोचले ते नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेच्या वेळी. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपलेली. मतदान 20 तारखेला, बुधवारी. शाळांच्या सुट्टीवरून तेव्हा किती गोंधळ झाला होता ते पालकांना आठवत असेल. 18 आणि 19 नोव्हेंबरलाही राज्यभर शाळा बंद, असा मेसेज सगळीकडे फिरला. मग शिक्षण आयुक्तांनी खुलासा केला की सरसकट सुट्टी नाही. जिथे सगळेच शिक्षक निवडणुकीच्या कामावर असतील आणि शाळा भरवणं शक्य नसेल, तिथे मुख्याध्यापकांनी आपल्या पातळीवर निर्णय घ्यावा. म्हणजे निर्णय शाळेशाळेवर आला. माझ्या मुलांच्या शाळेचा मेसेज रविवारी रात्री साडेनऊला आला: उद्यापासून तीन दिवस शाळा बंद. माझी स्वतःची शाळा सोमवारी चालू होती.

तेव्हा मुलं दुसऱ्या एका पाळणाघरात जायची. सोमवार-मंगळवार तिथे निभावले. मंगळवारी दुपारी मी मतदानाचं साहित्य घ्यायच्या रांगेत उभी असताना तिथून फोन आला, "मॅडम, उद्या सार्वजनिक सुट्टी आहे, आम्ही बंद." सुट्टी होती हे खरंच आहे. पण मला निवडणुकीचं काम आहे, मी पहाटे निघणार, हे पंधरा दिवस आधी सांगून ठेवलं होतं आणि त्यांनी मान डोलावली होती. नवरा त्याच सकाळी मतदान पथकं घेऊन इगतपुरीच्या बाजूला गेला होता. पथक परत आल्याशिवाय गाडी हलत नाही. सासूबाई कळवणला, कांद्याच्या लागणीचे दिवस आणि त्यांचंही मतदान तिथेच. धाकट्याचं कारण सांगून मी नाव कमी करण्याचा अर्ज केला होता. तो मंजूर झाला नाही. त्याबद्दल तक्रार करत नाही, कोणाला तरी जावंच लागतं.

रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईंनी या काकूंचा नंबर दिला. मी फोन केला तो रडवेल्या आवाजातच केला असणार. काकूंनी तीनच गोष्टी विचारल्या. किती वाजता आणणार? रात्री किती वाजता नेणार? मुलांना कशाची अॅलर्जी आहे का? मी म्हटलं, पहाटे पावणेपाच. रात्रीचं सांगता येत नाही, बारासुद्धा वाजतील. त्या म्हणाल्या, "बरं. झोपलेलीच आण, उठवू नको. आणि त्यांची रोजची पांघरुणं आण, माझी नको."

पांघरुणाचं वाक्य ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. नऊ मुलं सांभाळणाऱ्या बाईलाच कळतं की परक्या घरात डोळा उघडला तर मुलाला पहिल्यांदा पांघरुणाचा वास ओळखीचा लागतो.

20 नोव्हेंबरची पहाट. थंडी होती, गल्लीत एक दिवा चालू. रिक्षावाले दादा शेजारचेच, ते थांबले. धाकटा माझ्या खांद्यावर, मोठी हात धरून झोपेतच चालत होती. काकू शाल घेऊन जाळीपाशी उभ्याच होत्या. बेल वाजवावी लागली नाही. त्यांनी धाकट्याला उचलताना एक हात त्याच्या मानेखाली घातला आणि दुसऱ्या हाताने त्याचा मोजा वर ओढला, तो निम्मा निघाला होता. आत खोलीत गाद्या घातलेल्या, एका कोपऱ्यात शून्याचा बल्ब. मोठीला त्यांनी भिंतीकडची गादी दिली आणि भावाला तिच्या कुशीला. मग मला म्हणाल्या, "तू जा गं आता. इथे उभी राहशील तर तो उठेल." मी वळले तर हातात स्टीलचा डबा दिला. भाजणीचं थालीपीठ आणि लोणी. तिथे दिवसभर खायला वेळ मिळत नाही हे त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

निवडणुकीचं काम कधी केलं नसेल त्यांना हा दिवस किती लांबतो याची कल्पना येत नाही. मतदान सात ते सहा. पण त्याआधी दीड तास, म्हणजे साडेपाचला, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप, म्हणजे चाचणीचं, मतदान घ्यायचं असतं, किमान 50 मतांचं. ती मतं मोजून दाखवायची, पुसायची, यंत्र मोहोरबंद करायचं, तेव्हा कुठे खरं मतदान सुरू होतं. महिला कर्मचाऱ्यांना आदल्या रात्री केंद्रावर मुक्काम करावा लागत नाही, त्यामुळे रात्री घरी येऊन पहाटे परत जायचं. मी मतदान अधिकारी क्रमांक दोन होते: नोंदवहीत मतदाराचा यादीतला क्रमांक लिहायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा, डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावायची, चिठ्ठी द्यायची. सहाला फाटक बंद होतं पण आत जितके रांगेत असतील तितक्यांचं मतदान होतंच. मग मोहोरा, पाकिटं, हिशेबाचे नमुने, बस, आणि साहित्य जमा करायची रांग. मी काकूंच्या दारात परत पोचले तेव्हा रात्रीचे अकरा पन्नास झाले होते.

वेळ एवढी नेमकी सांगता येते, कारण ती त्यांच्या वहीत लिहिलेली आहे.

या पाळणाघराबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर मी त्या वहीबद्दल सांगेन. शंभर पानी साधी वही, प्रत्येक मुलाला त्या दिवशी एक पान. माझ्या धाकट्याचं पान काकूंनी मला दाखवलं. "4.45 आला, झोपेत. 6.50 उठला, आई कुठे विचारलं, ताईला बघून गप्प. 7.10 दूध अर्धा कप. 9.30 थालीपीठ एक, लोणी मागून घेतलं. 11 शी नीट. 12.30 वरणभात, तूप, बटाटा. 1 ते 2.40 झोप. 4 पासून आई आई. ओट्यावर बसवला, रिक्षा मोजल्या. 7.30 मऊ खिचडी. 8.15 रडला. 8.40 ताईच्या शेजारी झोपला. 11.50 आई आली." दिवसभर मीही एका वहीत माणसांच्या नोंदी करत होते, ओळीमागून ओळ, एकही चुकता कामा नये अशा धास्तीने. माझ्या वहीइतकीच काळजी या वहीत होती. 4 पासून आई आई, ही ओळ मी दोनदा वाचली. दुसरीकडे असते तर "मस्त खेळला, काही त्रास नाही" म्हणून सांगितलं असतं. काकू रडला तर रडला असं लिहितात, म्हणून जेवला लिहिलेलं असतं त्यावरही माझा विश्वास बसतो.

त्यानंतर मुलं तिथेच जातात.

दुसरी वेळ आली यंदा, 15 जानेवारी 2026 ला, महापालिकेची. 21 फेब्रुवारी 2017 नंतर थेट ही. मध्ये नाशिक महापालिकेत जवळजवळ चार वर्षं प्रशासकच होता, त्यामुळे लोकांमध्ये उत्साह होता. पण काम विधानसभेपेक्षा किचकट. बहुसदस्यीय प्रभाग, बहुतेक ठिकाणी एकेका मतदाराला चार मतं, अ, ब, क, ड. चारही जागांचं बटण दाबल्याशिवाय मतदान पुरं होत नाही, आणि म्हातारी माणसं एक बटण दाबून बाहेर यायची, त्यांना परत समजावून आत पाठवायचं. साहित्यवाटप 14 तारखेला, म्हणजे ऐन संक्रांतीला. आमच्या पथकात तिघी बायका होतो. सुगड पुजून, वाण कसंबसं देऊन सगळ्याच धावत आलेल्या.

या वेळी मी काकूंना दहा दिवस आधी सांगितलं होतं. त्यांच्याकडे त्या दिवशी सात मुलं होती. त्यातल्या पाचांच्या आया निवडणुकीच्या कामावर: तीन शिक्षिका, एक अंगणवाडी सेविका, एक तलाठी कार्यालयातली. काकूंनी संध्याकाळी धाकट्याचं आणि आणखी एका छोटीचं बोरन्हाण उरकून घेतलं. मला आधी फोन करून विचारलं, "तुझ्यावाचून करू का, की तुला बघायचंय? थांबते मग, रथसप्तमीपर्यंत चालतं." मी म्हटलं करा, यंदा शेवटचंच त्याचं, पाच पुरी होतील आता. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, हलवा. रात्री घ्यायला गेले तर त्याच्या खिशात चार बोरं आणि एक चिकट गोळी. माझ्यासाठी राखून ठेवली होती, झोपेतही खिशावर हात.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा कामगाराचा हक्क आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 135-ब कलमात तो लिहिलेला आहे आणि रोजंदारीवरच्या माणसालाही तो लागू आहे. मग पाळणाघर उघडं ठेवा म्हणताना तिथल्या मावशींची सुट्टी आपण खातो का? मी काकूंना स्पष्टच विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी मावशींना पूर्ण दिवस भरपगारी सुट्टी दिली होती. काकू आणि सून दोघींनी दिवस काढला, आणि आळीपाळीने जाऊन मत देऊन आल्या: काकू मतदान सुरू होताच, सून दुपारी मुलं झोपल्यावर. त्या दिवशी त्या नेहमीपेक्षा कमी मुलं का घेतात ते तेव्हा कळलं.

आता मूळ प्रश्न, जो दर निवडणुकीला आमच्या स्टाफरूममध्ये निघतो. मतदानाच्या दिवशी शाळा बंद ठेवावी का?

ठेवावीच. यात मला शंका नाही. विधानसभेला एका केंद्रावर 1,500 पर्यंत मतदार होते, आणि एका शाळेत अशी पाच-सहा केंद्रं सहज असतात. दिवसभर फाटक उघडं, पोलीस, होमगार्ड, हजारो अनोळखी माणसं. अशा आवारात मुलं बसवून शिकवता येत नाही आणि बसवूही नयेत. शिवाय शिकवणार कोण? शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 27 ने शिक्षकांना इतर कामांतून सोडवलं, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही तीन कामं ठेवली. माझी मावसबहीण अमेरिकेत न्यू जर्सीत आहे. तिकडे अध्यक्षपदाचं मतदान आमच्या विधानसभेच्या बरोबर पंधरा दिवस आधी, 5 नोव्हेंबर 2024 ला, मंगळवारी झालं. देशभराची सुट्टी नसते, शाळा बंद ठेवायची की नाही ते त्या त्या भागात ठरतं, आणि शाळेत वर्ग चालू असताना व्यायामशाळेत मतदान, असंही कुठे कुठे चालतं. तिथले आई-बाप याच गोष्टीवरून भांडतात: परकी माणसं आणि मुलं एका छताखाली नकोत. आपल्याकडे हा एक दिवस तरी स्पष्ट आहे.

माझं दुखणं आदल्या दिवसांचं आहे. रविवारी रात्री साडेनऊला कळणारी सोमवारची सुट्टी मुलाच्या कामाची नाही आणि आईच्याही नाही. मतदानाची तारीख महिनाभर आधी जाहीर होते. कोणती इमारत केंद्र आहे हे ठरलेलं असतं. प्रशिक्षणाचे आदेश दोन-तीन आठवडे आधी हातात येतात. मग कोणती शाळा किती दिवस बंद राहणार हे पंधरा दिवस आधी का सांगता येऊ नये? पहिली ते पाचवीला वर्षात 200 दिवस आणि सहावी ते आठवीला 220 दिवस शाळा भरली पाहिजे असं त्याच शिक्षणहक्क कायद्यात आहे. एक दिवस मतदानाला देऊ, आनंदाने देऊ. पण त्याच्या आगेमागे असे सुटे दिवस गळायला लागले की माझ्या वर्गातल्या ज्या मुलाला घरी कोणी शिकवत नाही, त्याचंच नुकसान होतं. तोच मुलगा सुट्टी संपली हे कळलं नाही म्हणून आणखी दोन दिवस येत नाही. मतदारयादीच्या कामाबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच सांगितलं आहे की ते सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर घ्यावं. आदल्या दिवसांनाही अशीच शिस्त लावता येईल. 20 मे 2024 ला नाशिकची लोकसभा झाली, तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी होती. ऊन सोसलं, पण मुलांचा एक तासही बुडाला नाही.

आणि मूल कुठे जाणार, हा प्रश्न आदेश काढताना कोणीतरी विचारात घ्यावा. मतदान केंद्रावर रॅम्प असतो, पाणी असतं, काही ठिकाणी मत द्यायला आलेल्या बायकांच्या बाळांसाठी पाळणाघराचा कोपराही मी पाहिला आहे, रंगीत फुगे लावलेला. जी बाई पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत ते केंद्र चालवते तिच्या मुलासाठी तालुक्याला एखादी जागा करणं अशक्य नाही. तोवर काकूंसारख्या बायका आहेत म्हणून आमचं चालतं.

उण्या बाजूही सांगते, कारण तुम्ही मूल तिथे सोपवणार आहात. संडास-बाथरूम एकच आहे, सकाळी मुलांची रांग लागते. वर जाणाऱ्या जिन्याला पहिल्या वर्षी फाटक नव्हतं. मी सांगितल्यावर दोन महिन्यांनी लाकडी फाटक बसलं, पण ते आधीच हवं होतं. दुपारी चार ते पाच टीव्ही चालतो, तो मला पसंत नाही आणि त्यावर आमचं एकमत झालेलं नाही. कॅमेरा नाही, पावती नाही. दुपारी एक ते पाच फोन उचलत नाहीत, मेसेजला उत्तर मिळतं तेही दोन शब्दांत. संध्याकाळी बाजाराच्या गर्दीमुळे चारचाकी गल्लीत येत नाही, त्रिमूर्ती चौकाच्या बाजूने येऊन कोपऱ्यावर थांबावं लागतं. आणि तापाचं मूल त्या घेत नाहीत, मतदानाच्या दिवशीसुद्धा नाही. 14 जानेवारीच्या रात्री धाकट्याचं अंग जरा कोमट लागलं तेव्हा मी थर्मामीटर हातात घेऊन बसले होते. पण बाकीच्या मुलांचा विचार करता त्यांचं बरोबर आहे.

पैसे: महिन्याला एका मुलाचे 2,500, जेवणासह. एखाद्या दिवसापुरतं ठेवायचं तर 250. दोन्ही निवडणुकांना त्यांनी दोन्ही मुलांचे मिळून पहाटेपासून रात्रीपर्यंतचे 800 घेतले. मी हजार पुढे केले तर दोनशे परत दिले.

दहापैकी नऊ. एक गुण जिन्याच्या फाटकाच्या त्या दोन महिन्यांचा.

पत्ता इथे देत नाही, त्यांना आवडणार नाही. पवननगरात भाजी घेणाऱ्या कोणत्याही शिक्षिकेला विचारा, ती घर दाखवेल. निवडणुकीचा आदेश हातात आला की त्याच दिवशी जाऊन सांगा, कारण त्या दिवशी सातच मुलं घेतात. आणि पांघरूण घरचं न्या.